सड्यावरचे पिवळे फूल : सोनकीची ओळख आणि गावाची नोंदवही



मालवण, देवगड आणि वेंगुर्ले या किनाऱ्यालगतच्या तालुक्यांत गावाच्या माथ्यावर कातळाचा जो सपाट माळ पसरलेला असतो, त्याला सडा म्हणतात. सात-बाराच्या उताऱ्यावर सड्याचे बरेचसे क्षेत्र 'पोटखराब' या सदराखाली दाखविलेले असते. मे महिन्यात सड्यावर गेल्यास ही नोंद यथार्थ वाटावी अशीच परिस्थिती असते. जांभा काळा पडून तापलेला असतो, गवताच्या काड्या करपलेल्या असतात आणि सावलीसाठी झाडही सापडत नाही. तोच सडा भाद्रपदात पाहिला तर ही पोटखराब जमीन आहे असे म्हणण्यास जीभ धजत नाही. खळग्यांत पाणी साचलेले असते, बोटभर मातीच्या थरावर गवत उभे असते आणि त्या गवतातून गेंदाचे पांढरे गोंडे, सीतेच्या आसवांची निळी-जांभळी फुले, तेरड्याचा गुलाबी रंग आणि ठिकठिकाणी पिवळ्या रंगाचे पट्टे वर आलेले असतात.

या पिवळ्या रंगाविषयी थोडे बोलणे आवश्यक आहे. सड्यावरील वनस्पतींच्या नोंदी करताना सर्वांत अधिक चुका या रंगाबाबत होतात. पिवळे दिसले की 'सोनकी' असे लिहून मोकळे होण्याची सवय सर्वत्र आढळते. सोनकी हे महाराष्ट्राच्या गवताळ माळांचे अस्सल देशी फूल आहे. साताऱ्याजवळील कासचे पठार २०१२ मध्ये पश्चिम घाटाच्या जागतिक वारशात समाविष्ट झाले, तेव्हापासून तिचे नाव शहरांतील लोकांच्याही तोंडी आले आहे. परंतु सिंधुदुर्गाच्या सड्यावरील प्रत्येक पिवळे फूल सोनकी नव्हे; किंबहुना काही पिवळी फुले या देशाचीदेखील नाहीत.

प्रथम फूल म्हणजे काय हेच पाहिले पाहिजे. सड्यावरील पिवळ्या फुलांपैकी कवल्याचे फूल वाटाण्याच्या फुलासारखे, एका बाजूस झुकलेले असते. ती शेंगवर्गातील वनस्पती होय. सीतेच्या आसवांच्या वंशातही पिवळ्या फुलांच्या जाती आहेत. त्यांना दोन ओठ व मागे एक शिंगासारखा भाग असतो आणि त्या ओल्या कातळावर उगवतात. ही दोन्ही बाजूला ठेवली की उरतात ती सूर्यफुलाच्या कुलातील फुले. या कुलात, ज्याला वनस्पतिशास्त्रात ॲस्टरेसी किंवा जुन्या नावाने कंपॉझिटी म्हणतात, जगभर २५,००० हून अधिक जाती आहेत. शेवंती, झेंडू, माका आणि एकदांडी ही सारी त्याचीच मंडळी. यांतील ज्याला सामान्यतः 'एक फूल' म्हटले जाते, ते वस्तुतः एक फूल नसून अनेक लहान फुलांचा गुच्छ असतो. मधल्या चकतीवर नळीसारखी फुलपाखी दाटीने बसलेली असतात, तर कडेची पाकळीवजा दिसणारी प्रत्येक पट्टी हे स्वतंत्र फूल असते. या गुच्छाला खालून हिरव्या छदांचे म्हणजे लहान पानांसारख्या अवयवांचे कोंडाळे असते. शाळेतील मुलांकडून झेंडूचे फूल उकलून घेतल्यास हे पाच मिनिटांत समजते. त्यासाठी प्रयोगशाळा लागत नाही.

आता सोनकीकडे वळू. ती वर्षायू म्हणजे एका हंगामाची वनस्पती आहे. पहिल्या पावसानंतर रुजते, वीतभरापासून हात-दीड हातापर्यंत उभी वाढते, ऑगस्टपासून पुढे फुलते आणि दिवाळीनंतर वाळू लागते. सह्याद्रीचा माथा हे तिचे मुख्य घर असून या जिल्ह्यात तिची खरी बहार पाहायची तर आंबोलीकडे जावे लागते. कोकणातील गवताळ उतारांवर व कातळांवरही ती येते. पाने देठावर एकाआड एक लागतात आणि त्यांच्या कडा दातेरी असतात. शेंड्याकडे फांद्या फुटून त्यांवर पिवळ्याधमक फुलांचे झुबके येतात. किरणांची व मधल्या चकतीची, अशी दोन्ही प्रकारची फुलपाखी पिवळीच असतात.

एवढ्या वर्णनावरून मात्र समाधान मानता येणार नाही, कारण हे वर्णन इतर काही वनस्पतींनाही लागू पडेल. खरी खूण फुलाच्या पाठीवर असते. फूल उलटे करून पाहावे. सोनकीच्या वंशात हिरवी छदे एकाच ओळीत, सारख्या उंचीची आणि एकमेकांना लागून, लाकडी पिंपाच्या फळ्यांप्रमाणे उभी असतात. तळाशी फार तर दोन-चार अगदी बारीक छदे दिसतात. फळ पिकले की त्याच्या डोक्यावर मऊ पांढऱ्या केसांचा झुबका दिसतो. याच पांढऱ्या केसांमुळे या वंशाला 'सेनेसिओ' हे नाव मिळाले आहे. 'सेनेक्स' या लॅटिन शब्दाचा अर्थ म्हातारा असा आहे. (सावरीच्या कापसाला आणि वाऱ्यावर उडणाऱ्या तत्सम बियांना आपल्याकडील मुलेही 'म्हातारी'च म्हणतात. दोन दूरच्या भाषांना एकच उपमा सुचावी, याची गंमत वाटते.)

शास्त्रीय नावाचा इतिहास थोडक्यात सांगणे उपयुक्त ठरेल, कारण जुन्या आणि नव्या पुस्तकांत सोनकी दोन निरनिराळ्या नावांनी आढळते. सर जोसेफ हूकर यांनी ब्रिटिश हिंदुस्थानच्या वनस्पतींवरील आपल्या ग्रंथात १८८१ मध्ये तिला 'सेनेसिओ ग्रॅहमी' असे नाव दिले. परंतु हेच नाव त्यापूर्वी बेंथॅम यांनी दुसऱ्या एका वनस्पतीस दिलेले होते. एकच नाव दोन जातींना चालत नाही, असा वनस्पतिशास्त्राचा नियम आहे. त्यानुसार १९७० मध्ये एन. पी. बालकृष्णन यांनी बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात सोनकीला 'सेनेसिओ बॉम्बेएन्सिस' हे नाव दिले आणि तेच आज ग्राह्य आहे. गावच्या नोंदवहीत जुने नाव उतरलेले असेल तर ते खोडू नये. त्याच्यापुढे नवे नाव लिहावे, म्हणजे दोन्ही पुस्तके वापरणाऱ्यांची सोय होते. पश्चिम घाटात सेनेसिओच्या आणखीही जाती आहेत. त्यांतील सेनेसिओ गिब्सनी व सेनेसिओ डालझेली ही नावे १८६१ मध्ये मुंबई इलाख्याच्या वनस्पतींवरील ग्रंथ सिद्ध करणाऱ्या गिब्सन व डालझेल या जोडीची आठवण देतात. सेनेसिओ एजवर्थी या जातीचे खोड कापसासारख्या लवीने पांढुरके झालेले असते. या जातींमधील सूक्ष्म फरक भिंगाशिवाय व तज्ज्ञांशिवाय उलगडत नाहीत, म्हणून गावपातळीवर 'सेनेसिओ, जात निश्चित व्हावयाची' अशी नोंद करणे अधिक प्रामाणिकपणाचे होय. अर्धवट खात्रीने लिहिलेल्या पूर्ण नावापेक्षा ही अपुरी नोंद पुढे जास्त उपयोगी पडते.

सोनकीच्या जागी चुकून नोंदविली जाण्याचा संभव असलेल्या वनस्पतींत पहिला क्रमांक पिवळ्या कॉसमॉसचा लागतो. शोभेसाठी बागांतून व रस्त्यांच्या कडेने लावलेली ही मेक्सिकोकडील वनस्पती राज्यात अनेक ठिकाणी डोंगरउतारांवर मोकाट पसरली आहे. लांबून पाहता ती देशी फुलांहूनही आकर्षक दिसते, आणि अडचण नेमकी तेथेच आहे. तिची पाने मात्र समोरासमोर लागतात आणि बारीक चिरलेली असतात. फूल मोठे, केशरी-पिवळे असते. फळ लांब, काळे व सुईसारखे असून त्यावर सोनकीसारखा केसांचा मऊ झुबका नसतो. दुसरी एकदांडी, जिला काही भागांत कंबरमोडी किंवा दगडी पाला म्हणतात. जखमेवर तिचा पाला चोळणे ही घराघरांतील माहितीची गोष्ट असल्यामुळे ती इथलीच असावी असा समज आहे. परंतु तीही मूळची अमेरिका खंडाची. लांब दांडीच्या टोकाला एकच फूल, कडेला बहुधा पाचच फिकट किरणे, प्रत्येक किरणाच्या टोकाला तीन दाते आणि पाने समोरासमोर, ही तिची लक्षणे होत. आजीला ठाऊक असलेली प्रत्येक वनस्पती देशीच असते असे नाही, हे एकदांडीवरून लक्षात यावे. तिसरी वनस्पती जमिनीलगत पसरणारी, तीन खंडांच्या पानांची 'सिंगापूर डेझी'. हॉटेलांच्या व निवासांच्या अंगणात ती हौसेने लावली जाते. जगातील सर्वांत उपद्रवी अशा शंभर परकीय जातींच्या यादीत तिचा समावेश आहे.

यावरून 'पाने एकाआड एक असतील तर देशी, समोरासमोर असतील तर परकी' असा सोपा नियम करण्याचा मोह होईल. तो टाळला पाहिजे. पिवळा माका देशी असूनही त्याची पाने समोरासमोर असतात. उलट सोनकडी ही देशी वनस्पती पानांच्या रचनेत सोनकीशी मिळतीजुळती, नावानेही जवळची आणि फुलांनी पिवळीच. पण तिच्या फुलाची पाठ पाहिल्यास छदे एका ओळीत नसून अनेक ओळींत एकमेकांवर चढलेली दिसतात. सदामंडीची पाठ थेट सोनकीसारखी, एका ओळीच्या छदांची असते. तिचे फूल मात्र जांभळट असते आणि कडेला किरणे नसतात. म्हणजे पाने, किरणे, पाठ आणि फळ या चारही गोष्टी पाहिल्याखेरीज निर्णय करू नये. किनाऱ्यावरील वाळूत धावत्या खोडांनी पसरणारी, तोडल्यावर चीक येणारी आणि चकती नसलेल्या पिवळ्या फुलांची पाथरीच्या वंशातील लौनिया सार्मेन्टोसा ही याच कुलातील आणखी एक देशी वनस्पती. सड्याच्या यादीत तिचे काम नाही. मात्र मालवण किनाऱ्यावरील शाळांना वाळू धरून ठेवणाऱ्या वनस्पतींचा धडा शिकविताना ती हाताशी असावी.

देशी आणि परकी हा भेद वनस्पतीच्या अंगी नसून तिच्या ठिकाणाशी निगडित असतो, हेही ध्यानात घेतले पाहिजे. सोनकीच्याच वंशातील सेनेसिओ स्क्वालिडस हे मूळचे सिसिलीकडील फूल इंग्लंडमध्ये ऑक्सफर्डच्या वनस्पतिउद्यानातून निसटले आणि रेल्वेमार्गाच्या खडीवरून देशभर पसरले. तेथे सेनेसिओ पाहुणा आहे, येथे तो घरचा आहे. गाव सुशोभित करण्याच्या सद्हेतूने सड्यावर फुलांच्या बियांची पाकिटे उधळणाऱ्या मंडळांनी हे उदाहरण अवश्य विचारात घ्यावे.

चुकीच्या ओळखीचा धोका केवळ यादीपुरता नाही. सेनेसिओ वंशातील अनेक जातींत पायरोलिझिडीन वर्गाची अल्कलॉइडे असतात व ती यकृताला हानी पोहोचवितात. दक्षिण आफ्रिकेत गव्हात सेनेसिओचे अंश मिसळून भाकरीवाटे माणसांना यकृताचा विकार झाल्याचे १९२० मध्ये वैद्यकीय नियतकालिकातून प्रसिद्ध झाले होते. म्हणून पिवळ्या माक्याच्या किंवा अन्य कोणत्या औषधी वनस्पतीच्या भरवशावर ओळख न पटलेला पाला पोटात घेणे अथवा गुरांना मुद्दाम घालणे सर्वथा टाळावे. शाळेच्या सहलीत रानभाज्या गोळा करताना शिक्षकांनी यावर विशेष लक्ष द्यावे.

आता नोंदवहीकडे. जैविक विविधता अधिनियम, २००२ अन्वये प्रत्येक स्थानिक संस्थेने जैवविविधता व्यवस्थापन समिती स्थापन करावयाची असून त्या समितीने लोक जैवविविधता नोंदवही तयार करावयाची आहे. राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने या कामासाठी देशभर ३१ जानेवारी २०२० ही मुदत घालून दिली होती. मुदत जवळ आली की कागद भरतो, परंतु फुले मुदतीच्या हिशेबाने फुलत नाहीत. जानेवारीत सड्यावर गेलेल्या माणसाला वाळलेल्या गवतापलीकडे फारसे काही दिसणार नाही. त्याने शेजारच्या गावाची यादी उतरवून घेतली तर दोष सर्वस्वी त्याचा म्हणता येणार नाही. उपाय सोपा आहे. सड्याची पाने नोंदवहीत मोकळी ठेवावीत आणि ती श्रावण ते आश्विन या काळात, तीन-चार फेऱ्यांत भरावीत.

नोंद नेमकी असली की तिचे वजन किती वाढते, याचे उदाहरण याच जिल्ह्यात आहे. आंबोली येथील महादेव मंदिराच्या परिसरातील कुंडात आढळणाऱ्या एका लहानशा माशाची स्वतंत्र जात म्हणून २०२० मध्ये ओळख पटविण्यात आली आणि तिला 'शिस्तुरा हिरण्यकेशी' हे नाव मिळाले. पुढच्याच वर्षी, २०२१ मध्ये, त्या स्थळास राज्य शासनाने जैविक वारसा स्थळाचा दर्जा दिला. मासा त्या पाण्यात पूर्वीही होता; शासनाच्या कागदावर त्याला जागा मिळाली ती नाव निश्चित झाल्यानंतर. सड्याचे तसे नाही. जांभ्याच्या चिऱ्यांना मागणी आहे, कातळ फोडून वर माती टाकून कलमांच्या बागा उभ्या राहत आहेत, आणि त्यावर कोकणच्या अनेक कुटुंबांचा चरितार्थ चालतो हेही नाकारता येणार नाही. मालवण तालुक्यातील कुडोपीसारख्या सड्यावर प्राचीन कातळशिल्पे आहेत व कोकणातील अशा स्थळांचा २०२२ मध्ये युनेस्कोच्या संभाव्य यादीत समावेश झाला. म्हणजे निदान कोरलेल्या दगडाची दखल घेण्यास प्रारंभ झाला आहे. त्या दगडाच्या फटीत दर पावसाळ्यात उगवणाऱ्या वनस्पतींच्या बाबतीत मात्र, खाणीचा वा बागेचा प्रस्ताव ग्रामसभेपुढे आला की 'तिथे काही उगवत नाही' एवढ्या एका वाक्यावर निर्णय होण्याची शक्यता राहते. कोणता तुकडा द्यावा आणि कोणता राखावा, हा निर्णय गावाचाच आहे. तो घेताना समोर मे महिन्याचा सडा असावा की भाद्रपदातला, एवढाच प्रश्न आहे.

या कामी आधाराला ग्रंथ आहेत. भारतीय वनस्पती सर्वेक्षण संस्थेने बी. जी. कुलकर्णी यांचा सिंधुदुर्गाच्या वनस्पतींवरील ग्रंथ १९८८ मध्ये, म्हणजे जिल्हा अस्तित्वात आल्यानंतर सातच वर्षांनी, प्रसिद्ध केला. त्यापाठोपाठ १९९० मध्ये एस. एम. आल्मेडा यांचा सावंतवाडीच्या वनस्पतींवरील ग्रंथ आला. दोन्ही इंग्रजीत असल्याने गावपातळीवर त्यांचा उपयोग व्हायचा तर महाविद्यालयातील वनस्पतिशास्त्राच्या अध्यापकांचे साहाय्य घ्यावे लागेल. संशय असलेल्या नमुन्यांसाठी पुण्यातील भारतीय वनस्पती सर्वेक्षण संस्थेचे पश्चिम विभागीय कार्यालय, आघारकर संशोधन संस्था आणि मुंबईच्या सेंट झेवियर्स महाविद्यालयातील ब्लॅटर संग्रह येथे वाळविलेल्या वनस्पतींचे मोठे संग्रह असून त्यांच्याशी नमुना ताडून पाहता येतो.

नमुना घेताना सबंध झाड उपटण्याचे कारण नाही. फूल, कळी, पिकलेले फळ आणि देठाच्या मधल्या भागातील पाने असलेली एक फांदी वर्तमानपत्राच्या घड्यांत दाबून ठेवावी आणि पहिले आठ दिवस कागद रोज बदलावा. कोकणच्या दमट हवेत यात आळस केला तर नमुन्याला हमखास बुरशी येते. दाबताना एक फूल उताणे व एक पालथे ठेवावे, म्हणजे छदांची रचना कागदावरही दिसते. सोबत तारीख, गाव, वाडी, सड्याचे स्थानिक नाव आणि जागा कशी होती (उघडा कातळ, पाण्याचा खळगा की मातीचा थर) हे लिहावे. वाळल्यावर रंग उडतो, म्हणून ताज्या फुलाचा रंगही त्याच दिवशी टिपावा.

स्थानिक नावांच्या बाबतीत विशेष काळजी घेतली पाहिजे. चतुर्थीला गणपतीच्या डोक्यावरील माटवीसाठी रानातून व सड्यावरून तेरडा, कवंडळ, हरणाची पिवळी फुले असे कितीतरी साहित्य आणले जाते. 'हरण' हे नाव घरोघरी चालते. परंतु एका गावचे हरण म्हणजे दुसऱ्या गावचे हरण असेलच, असे गृहीत धरून नोंद करू नये. माटवी बांधणाऱ्या वडीलधाऱ्या माणसाच्या हातातील फूल समोर ठेवावे, ते उलटे करून पाहावे, त्याच फुलाचा नमुना दाबावा आणि त्यावर त्या घरात चालणारे नाव, त्यांच्याच उच्चाराप्रमाणे, लिहावे. चतुर्थीच्या आदल्या दोन दिवसांत हे काम जितके सुलभपणे होते तितके वर्षात पुन्हा होत नाही, कारण त्या दिवसांत सडाच घरी आलेला असतो.

ज्या समित्यांचा हा हंगाम हुकेल त्यांनी निराश होण्याचे कारण नाही. सोनकीचे झाड वाळल्यावरही काही काळ उभे राहते. पांढऱ्या केसांची फळे वाऱ्यावर निघून गेली की एका ओळीतील ती छदे मागे वळून खाली झुकतात आणि देठाच्या टोकाला लहानशी चांदणी उमटल्यासारखी दिसते. फूल नसतानाही एवढ्यावरून वंशाची अटकळ बांधता येते. त्या जागेची खूण करून ठेवावी आणि पुढच्या भाद्रपदात तेथे पुन्हा जावे.